चिठ्ठीतला प्रश्न जुनाच : पुण्यातली कॉलेजं, जीवनकौशल्यं आणि लैंगिक आरोग्य

पुण्यातल्या कॉलेजांत लैंगिक आरोग्याचं सत्र घेताना आम्ही आधी पुठ्ठ्याचं खोकं फिरवतो. नाव न घालता प्रश्न लिहून टाकायचा. ‘हस्तमैथुनाने कमजोरी येते का?’ ही चिठ्ठी दर वेळी निघतेच. येत नाही, हे सांगायला एक वाक्य पुरतं. पण अशाच प्रश्नांची उत्तरं मराठीत छापली म्हणून १९३४ मध्ये एका संपादकाला कोर्टात उभं राहावं लागलं होतं.

ते र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, फर्ग्युसनचे विद्यार्थी. मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवत असताना १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमन केंद्र काढलं आणि त्या कामापायी प्राध्यापकी गमावली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, वाचक जे विचारतील त्याला ते शास्त्राच्या आधाराने उत्तर देत. अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, दंड झाला, मासिक मात्र बंद पडलं नाही. संततिनियमनाच्या प्रचाराचं काम पुढे लेखिका शकुंतला परांजपे यांनी पुण्यात नेटाने केलं.

नंतर कुटुंबनियोजन सरकारी झालं, पण नवरा-बायकोपुरतं. १९७१ च्या गर्भपात कायद्यातही गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण फक्त विवाहितेला देता येत होतं. ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द यायला २०२१ उजाडलं. पन्नास वर्षं! लग्न न झालेली विद्यार्थिनी कायद्याला दिसतच नव्हती.

कॉलेजचं दार उघडलं ते एड्सच्या भीतीने. १९८६ मध्ये देशात पहिले रुग्ण आढळले, १९९२ मध्ये भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) मुलांनी पोस्टर रंगवली, पथनाट्यं केली, पुढे कॉलेजांत एड्सविषयी जागृती करणारे रेड रिबन क्लब निघाले. निरोध हा शब्द वर्गात उच्चारला गेला तो याच काळात. आजाराबद्दल पुष्कळ बोललं गेलं. प्रेम, संमती, नकार यांवर फारसं कुणी बोललं नाही.

ती उणीव जीवनकौशल्यांनी भरून निघायला हवी होती. नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने जी दहा कौशल्यं मांडली, त्यांत स्वतःची ओळख, निर्णय घेणं, भावना आणि ताण हाताळणं आहे. ‘कंडोमशिवाय नको’ असं जोडीदाराला ठामपणे सांगता येणं, हे त्यातलंच. २००५ च्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमात ही कौशल्यं आणि शरीरविज्ञान एकत्र आले होते. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो रोखला. त्यातल्या शरीराच्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि चित्रांबरोबर सगळंच गेलं, याचं मला आजही दुःख होतं. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) पदवीसाठी ‘जीवन कौशल’ अभ्यासक्रम आणला. त्यात संवादकौशल्य, व्यावसायिक कौशल्य, नेतृत्व आणि मानवी मूल्यं आहेत. बायोडेटा, मुलाखत, गटचर्चा हे सारं उपयोगाचंच. पण शब्द तोच राहिला आणि शरीर त्यातून निसटलं.

अकरावी-बारावीच्या मुलींची अडचण आणखी वेगळी. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलीचा संबंध तिच्या मर्जीने आला तरी गुन्हा ठरतो आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. या धास्तीने मुली दवाखाना टाळतात, कुणाला तरी पाठवून मेडिकलमधून गोळ्या आणवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने किंवा तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव सांगण्याची गरज नाही. हे ठाऊक असलेली मुलगी मला अजून एकाही वर्गात भेटलेली नाही.