सायलेन्सरमधील फटाके (जुन्या मोटरसायकली)

सायलेन्सरमधील फटाके : सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण बेंड पाइपात (इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीत) किंवा सायलेन्सरमध्ये पेटल्याने होणारा आवाज. याला सरसकट बॅकफायर म्हटले जाते. काटेकोर अर्थाने बॅकफायर म्हणजे आग उलटी कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाकडे) येणे. सायलेन्सरमधल्या स्फोटाला आफ्टरफायर हे वेगळे नाव आहे. ठाणे-नवी मुंबईच्या गॅरेजांत दोन्हींना ‘गाडी फटाके मारते’ एवढेच म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

चालत्या बुलेटची चावी क्षणभर बंद करून पुन्हा चालू केली की मोठा बार होतो. पोरे मुद्दाम करतात तो हा प्रकार, पण त्यात सगळी क्रिया दिसते. चावी बंद असतानाही पिस्टन वर-खाली होत राहतो आणि कच्चे मिश्रण मागे ढकलतो. करंट परत आला की पुढचा जळता वायू त्या साठ्याला पेटवतो. बिघाडात हेच नकळत घडते. या बारांनी सायलेन्सरची आतली जाळी आणि काचलोकर फाटते, ती वेगळीच.

सर्वाधिक तक्रारी कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० बाबत असतात. मद्रासला १९५५ पासून बुलेटची जुळणी होऊ लागली. मूळ इंजिन साधे आणि सोशिक आहे. घोटाळा होतो तो बदलांमुळे. कारखान्याचा सायलेन्सर काढून मोकळा, ‘इंदोरी’ म्हणून विकला जाणारा सायलेन्सर लावतात, एअर फिल्टरची पेटी फेकून कोन फिल्टर बसवतात, जेट (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रांच्या नळ्या) मात्र जुनेच ठेवतात. हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले. मग दोष कार्ब्युरेटरवर येतो आणि नवा कार्ब्युरेटर विकत घेतला जातो, जो बहुतेक वेळा गरजेचा नसतो.

आवाज किती मोठा, यापेक्षा तो कधी येतो हे आधी पाहावे. येऊरहून उपवनकडे उतरताना रेस सोडली की फट-फट होत असेल तर धुराच्या पाइपाचा सांधा हवा घेतो आहे किंवा स्लो जेटला (कमी रेसच्या जेटला) पेट्रोल कमी पडते आहे. रेस बंद असताना सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण थोडे आणि जुना धूर जास्त असतो. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल तर काही फेऱ्यांत ते पेटतच नाही. पाम बीच रस्त्यावर एका वेगाने जाताना अधूनमधून एकच जोरदार बार होत असेल तर करंट तुटतो आहे. घोडबंदर रोडच्या गर्दीत गाडी तापल्यावरच त्रास सुरू होत असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर या ठिणगीच्या भागांकडे पाहावे.

आधी बाहेरची हवा कुठून शिरते ते शोधावे. बेंड पाइप हेडला बसतो ती जागा आणि पाइप-सायलेन्सरचा सांधा या दोन्ही ठिकाणी काजळीचे काळे डाग दिसले की तिथून धूर निसटतो असे समजावे. धुराच्या दोन ठोक्यांमध्ये पाइपातला दाब उतरतो आणि तीच फट बाहेरची हवा आत ओढते. गाडी गार असताना चालू करून सायलेन्सरचे तोंड जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबले तर फुसफुस ऐकू येते. काही जण सांध्याजवळ उदबत्ती धरतात. कार्ब्युरेटरच्या आसपास हा प्रयोग अजिबात करू नये. बुलेटमध्ये आणखी एक छुपी जागा असते, ती म्हणजे डीकॉम्प्रेसर (किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा व्हॉल्व). त्याची केबल ताणलेली राहिली तर छोटा व्हॉल्व पुरता बसत नाही आणि कच्चे मिश्रण थेट एक्झॉस्टमध्ये झिरपते. केबलला किंचित ढील दिली की काम होते. सुटा पैसा लागत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्वचा टॅपेट (व्हॉल्व ढकलणारा भाग) घट्ट असला तरी परिणाम जवळपास हाच.

मग करंट. पॉइंटमधले (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांमधले) अंतर ०.३५ ते ०.४० मिमी असावे. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, पॉइंटवर काळसर थर चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढावा. पॉइंट वारंवार जळत असतील आणि उघडताना मोठी निळी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर बदलावा. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लेट असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला तरी आत जळणे चालूच राहते. अशा गाडीचा बेंड पाइप लवकर निळा पडतो.

पेट्रोलला हात शेवटी लावावा. प्लग पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, काजळलेला असेल तर गडद (पेट्रोल जास्त), तांबूस-तपकिरी असेल तर ठीक. व्हीएम जातीच्या कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू आत फिरवला की मिश्रण गडद होते. एका वेळी पाव फेराच द्यावा. मोकळ्या सायलेन्सरला सहसा मोठा मेन जेट आणि एक खाच वर उचललेली कार्ब्युरेटरची सुई लागते. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनेही भर घातली आहे : शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप पातळ चालते.

जावा, येझदी, यामाहा आरएक्स १०० या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत बुलेटसारखे टॅपेटवर चालणारे व्हॉल्व नाहीत, त्यामुळे टॅपेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व वगळून बाकीची बहुतेक तपासणी तीच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाची मर्यादा मोडणारे वाहन चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. एमएच-०४ (ठाणे) असो वा एमएच-४३ (नवी मुंबई), नियम एकच. ‘व्हिंटेज’ हा शब्दही जपून वापरावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरप्लेटला पात्र ठरते, त्यामुळे चासी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली बुलेट कितीही जुनी असली तरी कागदावर व्हिंटेज होत नाही.