टाळूतली सुई : दंतवैद्यकातील एका जुन्या अडचणीची पार्श्वभूमी

वरची दाढ काढून घेतलेला माणूस नंतर दाढ निघतानाच्या ओढाताणीविषयी जेवढे बोलतो, त्याहून अधिक टाळूत टोचलेल्या सुईविषयी बोलतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दवाखान्यांत बाकावर बसलेल्यांमध्ये नव्या माणसाला मिळणारा इशाराही बहुधा हाच असतो: "गालातली सुई काहीच नाही भाऊ, टाळूतली मात्र मस्तकात जाते." औषध तेच, सिरिंज तीच आणि डॉक्टरही तोच असताना दोन बोटांच्या अंतरावर एवढा फरक का पडावा, हा प्रश्न दंतवैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे छळत आला आहे. भुलीचा इतिहास सहसा औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. टाळूच्या बाबतीत तो अपुरा पडतो, कारण तेथे औषधाची शक्ती कमी पडण्यापेक्षा ते औषध मावायला जागा नसणे, ही खरी अडचण होती.

गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीतील त्वचा सैल असते. तेथे सोडलेले औषध सहज पसरते, आणि वरच्या जबड्याचे बाहेरचे हाड पातळ व सच्छिद्र असल्यामुळे झिरपत दातांच्या मुळांपर्यंत पोहोचते. कठीण टाळूची रचना याच्या अगदी उलट आहे. कळण्याच्या भाकरीचा खरखरीत पापुद्रा रोज घासला गेला तरी सोलून निघू नये, असे तिचे आवरण जाड आणि चिवट असते व ते खालच्या हाडाला घट्ट चिकटलेले असते. अशा ठिकाणी थेंबभर द्रव घुसवायचा, तर त्या आवरणाला हाडापासून उचलावे लागते, आणि वेदना होते ती मुख्यतः या उचलण्याची. सुईचे टोक हा त्या वेदनेचा लहान भाग आहे.

टाळूची संवेदना दोन वाटांनी येते. दाढांपासून पहिल्या उपदाढेपर्यंतचा भाग टाळूच्या हाडातील मागच्या मोठ्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूकडे असतो. पुढच्या दातांमागचा भाग नाकातून उतरणाऱ्या मज्जातंतूकडे असतो, ज्याच्याशी अठराव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ अँतोनियो स्कार्पा यांचे नाव जोडले गेले आहे. हा तंतू पटाशीच्या दातांच्या मागे हिरडीचा जो छोटा उंचवटा जिभेला लागतो, त्याच्याखालून बाहेर येतो. सुळ्याजवळ दोघांची हद्द एकमेकांत मिसळते, म्हणून सुळा काढताना एका सुईवर भागेलच असे नाही. मागच्या छिद्राची जागा अनेक पाठ्यपुस्तकांत दुसऱ्या दाढेच्या आसपास सांगितलेली असे. भारतीय कवट्यांच्या मोजणीत मात्र ते बहुतेकदा अक्कलदाढेच्या समोर आढळले. त्यामुळे आपल्याकडचा अनुभवी दंतवैद्य पुस्तकातल्या आकृतीपेक्षा कापसाच्या बोंड्याने दाबून पाहण्यावर अधिक विसंबतो. बोंडा जेथे किंचित आत दबतो, तेथे छिद्र.

सुईच्या आधीच्या काळात टाळूचा वेगळा विचार करण्याचे कारणच नव्हते. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी वेदना न सोसणाऱ्या मद्यपी रुग्णाला तीक्ष्ण मद्य पाजण्याची सूचना आहे. दातदुखीवर लवंगेचे तेल लावणे किंवा अक्कलकारा चघळणे हे उपाय खेड्यापाड्यांत अगदी अलीकडेपर्यंत सर्रास होते, आणि ते अगदीच निरर्थकही नव्हते. दोन्हींमुळे वरचा पृष्ठभाग थोडा बधिर होतो. पण दाढ उपटायची तर आठवडी बाजारातल्या दात काढणाऱ्यापुढे तोंड उघडून सोसणे, एवढेच हाती असे.

खरा बदल कोकेनने घडवला. जर्मनीतील गॉटिंगेन येथे आल्बर्ट नीमान यांनी १८६० च्या सुमारास कोकाच्या पानांतून ते वेगळे केले, आणि १८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करून शस्त्रक्रिया करता येते, हे दाखवले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम हाल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी जबड्याच्या मज्जातंतूंजवळ कोकेन टोचण्याचे प्रयोग केले. दंतवैद्यकातील सुईच्या भुलीचा आरंभ तेथून मोजला जातो. या प्रयोगांची किंमत जबर होती. स्वतःवर औषध वापरून पाहणाऱ्या या दोघांनाही त्याचे व्यसन जडले. पुढे जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये अ‍ॅड्रेनॅलिन शुद्ध रूपात मिळवले. जर्मन शल्यवैद्य हाइनरिख ब्राऊन यांनी ते भुलीच्या औषधात मिसळल्यावर रक्तवाहिन्या आकुंचन पावून औषध त्याच जागी अधिक वेळ टिकू लागले. आल्फ्रेड आइनहॉर्न यांचे प्रोकेन, म्हणजेच नोव्होकेन, १९०५ पासून वापरात आले आणि कोकेनची गरज संपली.

अ‍ॅड्रेनॅलिनने टाळूपुढे मात्र एक नवाच धोका उभा केला. त्या घट्ट आवरणात औषध जास्त भरले, तर आधीच दाबाखाली आलेल्या रक्तवाहिन्या औषधाने आणखी आवळल्या जातात, तेवढ्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांनी तेथे जखम पडते. म्हणून टाळूत औषध थेंबांच्या हिशेबाने द्यायचे, हा दंडक पडला. मागच्या छिद्राजवळ साधारण अर्धा मिलीलिटर पुरतो. पुढच्या उंचवट्याजवळ त्याहूनही कमी.

प्रोकेननंतर आलेल्या लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्वीडनमध्ये १९३५ च्या सुमारास होल्गर एर्टमान यांनी बार्लीतील एका द्रव्यावर काम करताना प्रयोगशाळेत तयार झालेला पदार्थ चाखून पाहिला आणि त्यांची जीभ बधिर झाली. त्या धाग्यावरून पुढे जाऊन निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन बनवले. त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या शरीरावर टोचून पाहिले, आणि १९४८ मध्ये ते झायलोकेन या नावाने बाजारात आले. ते लवकर लागू पडते, अधिक खोल भूल देते आणि प्रोकेनच्या तुलनेत अ‍ॅलर्जीचा त्रास क्वचितच होतो. आजही आपल्याकडच्या बहुतेक दंतवैद्यांच्या टेबलावर दोन टक्के लिग्नोकेनच असते, बहुधा १ : ८०,००० प्रमाणात अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेले. तरीही टाळूतली सुई दुखतच राहिली.

अवजारांतही सुधारणा झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, अमेरिकी डॉक्टर हार्वे कुक यांना रायफलीच्या काडतुसावरून औषध भरलेल्या काचेच्या नळीची कल्पना सुचली आणि दंतवैद्यकातील कार्ट्रिज सिरिंज जन्माला आली. खानदेशात, आणि खरे तर देशभरच, पुष्कळ दवाखाने अजूनही मोठ्या कुपीतून साध्या प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये औषध ओढून घेतात. गालाकडे त्याने काही बिघडत नाही. टाळूत दाब एवढा लागतो, की सुई नीट बसवलेली नसेल तर ती सिरिंजच्या तोंडावरून निसटते, कडू औषध रुग्णाच्या जिभेवर सांडते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

दाबावर उतारा दाबाचाच निघाला. सुई टोचण्याआधी कापसाचा बोंडा किंवा आरशाची मूठ टाळूवर घट्ट दाबून धरायची, गुलाबी रंग पांढुरका होऊ द्यायचा, आणि बोंडा न उचलता त्याच्या कडेला सुई टेकवून एक थेंब सोडायचा, मग थोडे आत जाऊन पुन्हा थेंब. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने या जुन्या युक्तीला शास्त्रीय आधार मिळाला. दाबाची संवेदना वाहून नेणारे जाड तंतू जागे झाले, की मज्जारज्जूच्या पातळीवरच वेदनेच्या संदेशाची वाट अडते, असा त्याचा आशय आहे. पुढच्या दातांसाठी याहून चतुर वाट आहे. आधी ओठाच्या बाजूने भूल द्यायची, मग दोन पटाशींमधल्या बधिर हिरडीतून सुई पुढे सरकवत टाळूकडचा उंचवटा पांढरा पडेपर्यंत औषध सोडायचे, आणि त्यानंतरच टाळूतून टोचायचे. हात घाईचा असेल तर यातले काहीच साधत नाही, आणि बाजाराच्या दिवशी बाहेर गर्दी असताना घाई होते, हेही नाकारता येत नाही.

हात घाई करतो म्हणून यंत्र आले. १९९७ मध्ये अमेरिकेत संगणकाच्या नियंत्रणाखाली औषध सोडणारे वाँड हे उपकरण आले, आणि लगेचच मार्क फ्रिडमन व मार्क हॉकमन यांनी टाळूच्या मध्यरेषेपासून हिरडीच्या कडेपर्यंतच्या अर्ध्या अंतरावर, दोन उपदाढांच्या सरळ रेषेत, एकच सुई देण्याची पद्धत मांडली. औषध इतक्या संथपणे जाते, की दीड मिलीलिटरच्या आसपासच्या मात्रेला चार-पाच मिनिटे लागतात. मधल्या पटाशीपासून दुसऱ्या उपदाढेपर्यंतचे दात बधिर होतात, ओठ मात्र होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी असे यंत्र क्वचितच दिसते, पण औषध संथपणे सोडण्याचा त्याचा धडा यंत्राविनाही घेता येतो.

औषधाच्या बाजूने एकच गोष्ट टाळूच्या खरोखर कामी आली, आणि तीही टाळूला वळसा घालून. आर्टिकेन हे औषध १९७० च्या दशकात जर्मनीत वापरात आले आणि अमेरिकेत त्याला २००० मध्ये मान्यता मिळाली. ते हाडातून अधिक चांगले झिरपते, म्हणून गालाकडूनच टोचून काही मिनिटे थांबल्यास टाळूतील सुईविना दाढ काढता येईल का, असा प्रश्न पुढे आला. तुर्कस्तानातील उचकान आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वरच्या दातांबाबत याला अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्या सर्व अभ्यासांचे त्यावर एकमत नाही. दाढांच्या मागच्या भागात हाड जाड असते आणि शस्त्रक्रिया मोठी असेल तर टाळूतील सुई अजूनही टळत नाही, असे अनेकांचे मत आहे.

खानदेशात या विषयाला दोन स्थानिक पैलू आहेत. पहिला उन्हाचा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो, आणि अ‍ॅड्रेनॅलिनला उष्णता व उजेड दोन्ही मानवत नाहीत. कुपी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. पण फ्रिजमधून काढलेले गार औषध तसेच टाळूत सोडले तर जास्त दुखते, म्हणून भरलेली सिरिंज थोडा वेळ मुठीत धरून मगच वापरणे बरे.

दुसरा पैलू सुपारीचा. गुटखा-सुपारीच्या सवयीतून तोंडाचे अस्तर आखडत जाण्याच्या विकाराचे भारतातील सुरुवातीचे वर्णन मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये केले, तेही टाळू आणि घशाच्या कमानींच्या संदर्भात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी असे रुग्ण येतच असतात. तोंड दोन बोटेही उघडत नसताना मागच्या छिद्रापर्यंत सुई नेणे अवघड होतेच. शिवाय औषध पसरल्याची जी खूण दंतवैद्य शोधतो, ती पांढुरकी छटा या टाळूवर मुळातच असते, त्यामुळे कोठे थांबायचे हे केवळ हाताला लागणाऱ्या रोधावरून ओळखावे लागते. याच रुग्णांना आखडलेल्या भागात हायल्युरोनिडेझ (आखडलेले अस्तर सैल करणारे द्रव्य) आणि स्टिरॉइडची इंजेक्शने कित्येक आठवडे घ्यावी लागतात, आणि ती सोसवावीत म्हणून त्यांत बहुधा लिग्नोकेनही मिसळलेले असते.