मुंबईत आली ती वाळू नव्हती

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबईचं आकाश मळकट झालं, उभ्या गाड्यांवर पांढरट थर बसला आणि वाळवंटातली वाळू उडत आली असं बरेच जण म्हणायला लागले. वाळू नाही हो, धूळ आली होती. हा फरक बारीक वाटतो पण अख्खं वाळवंट त्याच्यावरच घडलंय.

धुळीचा कण मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही बारीक, एकदा वर गेला की दिवसेंदिवस तरंगतो, सहाराची धूळ तर अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलात पडते. वाळूचा कण त्याच्या दहापट किंवा जास्तच जाड. त्याचं काय होतं हे राल्फ बॅगनोल्डने शोधलं. हा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर, इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात गाड्या घेऊन हिंडला आणि मग लंडनला विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडायच्या बोगद्यात, वाळू उडवून त्याने सगळं मोजलं.

वारा ताशी साधारण २० किलोमीटरच्या पुढे गेला की कोरडा सुटा कण जवळजवळ सरळ वर उडी मारतो. वरती वारा जास्त जोरात असतो, तो कणाला पुढे रेटतो, कण वेग घेतो आणि जमिनीशी जेमतेम १०-१५ अंशांचा कोन करत तिरका येऊन आपटतो. आपटला की स्वतः उसळतोच, शिवाय कॅरमच्या स्ट्रायकरसारखा आजूबाजूच्या कणांनाही उडवतो, ते पुढच्यांना उडवतात, आणि एकदा हे सुरू झालं की वारा थोडा पडला तरी थांबत नाही, कारण आता कणांना वाऱ्याने उचलायची गरजच नसते, आपटणारे कणच ते काम करतात, पण त्याच वेळी उडणारे कण वाऱ्याचा जोर खात असतात म्हणून जमिनीलगत वारा मंदावतो आणि किती वाळू उडणार याला आपोआप मर्यादा पडते. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती धुळीची. बारीक धूळ एकमेकांना चिकटून बसते, नुसत्या वाऱ्याने सहज सुटत नाही, वाळूचे कण येऊन आपटतात तेव्हा ती मोकळी होते. म्हणजे धुळीला मुंबईच्या वाटेला लावते वाळू आणि स्वतः मागेच राहते.

 

वाळूच्या कणांच्या या उड्या बहुतेक गुडघ्याच्या खालीच राहतात. म्हणून इजिप्तमध्ये फराफ्राजवळच्या पांढऱ्या वाळवंटात खडूच्या दगडांचे बुंधे झिजलेत आणि वर टोपी राहिलीय. शाळेत आपण भूछत्र खडक म्हणून शिकलो ते हेच, पण तिथे सगळं श्रेय वाऱ्याला दिलं जातं ते मला पटत नाही. अशा खडकांच्या बुंध्याशी दव आणि जमिनीतली ओल जास्त टिकते, पाणी सुकताना त्यातल्या क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि दगड आतून भुसभुशीत करतात. वारा बऱ्याचदा तयार भुगा नेतो.

थरच्या वाळवंटात सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या रोखायला जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने उड्यांची ही कमी उंचीच वापरली. वाऱ्याला आडव्या अशा झुडपांच्या फांद्यांच्या बुटक्या ओळी लावायच्या आणि मधे रोपं. वाळू खालूनच उड्या मारत येते, त्यामुळे तिला अडवायला उंच भिंत लागत नाही.