अमेरिकेत जुनी लष्करी रायफल घ्यायची आहे? सी अँड आर परवान्याची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांसाठी टाइप ०३ नावाचा वेगळा फेडरल परवाना आहे. संग्राहक त्याला सी अँड आर म्हणतात, म्हणजे क्युरिओ अँड रेलिक. तो एटीएफ ही केंद्रीय संस्था देते. फी ३० डॉलर, मुदत ३ वर्षं. हा परवाना असला की दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून रायफल थेट घरच्या पत्त्यावर मागवता येते. नसला, तर ती स्थानिक परवानाधारक दुकानदारामार्फत घ्यावी लागते आणि त्याची फी वेगळी.

आधी रायफलीचं वय बघा

१८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली रायफल फेडरल कायद्यात अँटीक धरतात, तिला हा परवाना लागतच नाही. त्यानंतरची, पण ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली रायफल सी अँड आरमध्ये बसते. आता गंमत अशी, की कायद्याच्या लेखी रिसिव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला धातूचा सांगाडा, हीच बंदूक. नळी, बोल्ट, दस्ता हे नुसते सुटे भाग. त्यामुळे वय मोजायचं ते रिसिव्हरचं.

फिनलंडची एम३९ ही लष्करी रायफल बघा. नळीवर साको किंवा व्हीकेटी या फिनिश कारखान्यांचा शिक्का, १९४० च्या दशकातलं साल, शिवाय चौकोनात 'एसए' ही फिनिश लष्कराची खूण. बघणारा तिला दुसऱ्या महायुद्धातलीच म्हणणार. पण फिनिश कारखान्यांनी रिसिव्हर नवे घडवले नाहीत, जुन्या रशियन मोसिन-नागां रायफलींचेच वापरले, बहुतेक झारच्या काळातले. पट्ट्या आणि दोन स्क्रू काढून धातूचा भाग लाकडातून उचलला की रिसिव्हरच्या शेपटीखाली खरं साल सापडतं. तिथे १८९६ असेल, तर नळी १९४२ ची असली तरी रायफल अँटीक. १९०५ निघालं तर सी अँड आर. सालाजवळच कारखान्याची खूणही असते: धनुष्यबाण असेल तर रशियातल्या इझेव्हस्क शहराचा कारखाना, हातोडा असेल तर तिथल्याच ‘तुला’ या शहराचा. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून या शेपटीचा फोटो मागवाच. आढेवेढे घेतले तर मी तरी तो सौदा सोडून देईन.

भागांवरचे नंबर जुळत नसले तर किंमत उतरते, पण तेवढ्यावरून सी अँड आर दर्जा जात नाही. लष्करी कारखान्यांनी दुरुस्तीत भागांची सरमिसळ सर्रास केलेली आहे. मात्र पुढे कोणी शिकारीसाठी लाकूड कापलं, दुर्बिणीसाठी भोकं पाडली, तर मूळ स्वरूप गेलं आणि सवलतही गेली.

पात्रता

वय किमान २१. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायलाच मुळात बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असलेल्यांना त्यात अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर अर्ज टाकण्याआधी वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर इमिग्रेशनचंही प्रकरण होऊन बसतं. गंभीर गुन्ह्यात किंवा कौटुंबिक हिंसाचारात शिक्षा झालेल्यांना परवाना नाही. तुमच्या राज्यात गांजाला परवानगी असेलही, पण अर्जातला प्रश्न फेडरल कायद्याचा आहे.

अर्ज

फॉर्म ७/७सीआर भरायचा आणि त्यात टाइप ०३ निवडायचा. बोटांचे ठसे नकोत, फोटो नको. नाव सरकारी ओळखपत्रावर आहे अगदी तसंच लिहा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, असं आपल्याकडे फार असतं. नागरिक नसाल तर इमिग्रेशनकडून मिळालेला एलियन नंबर लागेल. फॉर्म फीसकट एटीएफला पाठवायचा आणि एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुख किंवा शेरीफला द्यायची. ही फक्त सूचना असते, त्यांची मंजुरी लागत नाही. पूर्ण भरलेल्या अर्जावर एटीएफने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

परवाना मिळाल्यावर

नोंदवही ठेवावीच लागते. समजा, बंगालच्या ईशापूर कारखान्यातली २ए१ रायफल घेतली. दस्त्याच्या पुढच्या धातूच्या पट्टीवर 'आरएफआय' (रायफल फॅक्टरी ईशापूर), मॉडेल आणि १९६० च्या दशकातलं साल कोरलेलं असतं. नळीवर बहुधा अमेरिकी आयातदाराचा शिक्का मिळेल, तोही उतरवून घ्या. उत्पादक, आयातदार, मॉडेल, नंबर, कॅलिबर आणि कोणाकडून घेतली हे सगळं खरेदीनंतरच्या लगेचच्या कामाच्या दिवसाअखेर वहीत हवं. विकली तर ७ दिवसांत नोंद. एटीएफ १२ महिन्यांतून एकदा वही आणि संग्रह तपासू शकतं. घरी नको असेल तर ही तपासणी त्यांच्या कार्यालयात करून घेता येते.

हा परवाना संग्रहासाठी आहे. नफ्यासाठी खरेदी-विक्री सुरू केलीत तर दुकानदाराचा परवाना लागेल.

राज्याचे नियम याहून वेगळे. न्यू जर्सीत रायफल विकत घ्यायला फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, कॅलिफोर्नियात सी अँड आरच्या जोडीला सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी. अँटीकची व्याख्याही सगळीकडे फेडरलसारखी नाही, त्यामुळे रायफल मागवण्याआधी आपल्या राज्याचा कायदा तपासून घ्या.