घरगुती जमाखर्च (बेळगाव सीमाभाग)

घरगुती जमाखर्च : कुटुंबाच्या हाती महिनाभरात किती पैसा आला, कुठून आला आणि कशाकशावर गेला याची तारीखवार लेखी नोंद. पेढीवरच्या रोजकीर्दीप्रमाणे डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च आणि तळाशी शिल्लक, एवढीच तिची मांडणी. ठरावीक पगारावर चालणाऱ्या घराला ती सोपी जाते. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या कर्नाटकातील मराठीभाषक पट्ट्यात मात्र अनेक घरांत एकाच चुलीवर जेवणाऱ्यांची कमाई वेगवेगळ्या वेळापत्रकाने येते. तिला महिन्याच्या मापात बसवणे हेच इथल्या वहीचे खरे काम.

पैसा येण्याच्या वेळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत किंवा मशीनशॉपमध्ये जाणाऱ्याचा पगार महिन्याला होतो. गवंडी, सेंट्रिंगवाले आणि त्यांच्या हाताखालची माणसे यांचा पगार आठवड्याला, शक्यतो बाजाराच्या दिवसाला धरून. वडगाव, खासबाग, शहापूर भागात मागावर बसणाऱ्याला साडीमागे मजुरी मिळते. वीज गेली किंवा सूत आले नाही की तो दिवस कोरा. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांच्या दराने ठरते. डेअरीचे दुधाचे बिल बहुतेक गावांत दर दहा-पंधरा दिवसांनी निघते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि आसपासच्या गावांतून फौजेत गेलेली माणसेही पुष्कळ. त्यांची पेन्शन तारखेला जमा होते, म्हणून गावचा किराणा दुकानदार पेन्शनवाल्या घराला उधारी देताना फारसे आढेवेढे घेत नाही.

या सगळ्यांहून निराळे उसाचे बिल. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचे, असे बंधन कारखान्यावर आहे. प्रत्यक्षात बिल कधी एका रकमेत येते, कधी हप्त्याहप्त्याने, आणि त्यातून सोसायटीचे पीककर्ज आधीच वळते झालेले असते. वहीत लिहायचे ते हाती आलेले पैसे की पूर्ण बिल, हा प्रश्न इथेच उभा राहतो. पूर्ण बिल जमेला आणि कर्जफेड खर्चाला, असे दोन्हीकडे लिहिले तरच शेतीने खरोखर काय दिले ते कळते.

समजुतीपुरते एक घर घेऊ : खानापूर तालुका, माणसे पाच, म्हैस एक, ऊस थोडा. मुलाचा पगार १६,०००, दुधाची तीन बिले प्रत्येकी २,४००, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० मिळून महिन्याची जमा २५,२०० होते. सरकी पेंड आणि भुसा यांवर ४,५०० जातात, म्हणजे घरासाठी उरतात २०,७००. उसाचे बिल वर्षाला ८४,०००. मशागत, बियाणे, खत यांचे ३६,००० पीककर्जातून भागले आणि बिलातूनच कापले गेले, म्हणून हाती ४८,००० पडले. त्याचे बारा भाग केले तर दरमहा ४,०००. घराचे खरे मासिक उत्पन्न अशा रीतीने २४,७०० ठरते. या घराचा खर्च महिन्याला २३,००० असेल, तर बिल येईपर्यंत दर महिन्याला २,३०० रुपयांचा खड्डा दिसेल आणि दुकानात उधारी चढत जाईल. वर्षअखेरीस मात्र २०,४०० रुपये शिल्लक राहतील. नुसती महिन्याची पाने पाहणाऱ्याला हे घर बुडीत वाटेल, बिलाच्या महिन्याचे पान पाहणाऱ्याला सावकार.

पेंडेचे पैसे किराण्यात लिहायची सवय सर्वत्र आहे. तसे केले की म्हैस फायद्यात दिसते आणि घरातली माणसे उधळी. घरात प्यायलेले दूध, शेतातले भात, परसातली भाजी यांची तर नोंदच होत नाही. काही घरांत भाताची पोती आणि त्यांतून काढलेले तांदूळ वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात. ते पान असले की बाजारातून तांदूळ कधीपासून आणावे लागणार याचा अंदाज आधीच बांधता येतो.

जमा आणि उत्पन्न

वहीत जमेच्या बाजूला पडणारी प्रत्येक रक्कम उत्पन्न नसते. मुकादमाकडून घेतलेली उचल, सोनेतारण कर्ज, हातउसने पैसे, नंबर लागल्यावर मिळालेली भिशी हे सारे जमेत येते. पण उचल म्हणजे पुढची मजुरी आजच घेतलेली, आणि भिशी म्हणजे आपलेच पैसे (नंबर लवकर लागला असेल तर काही अंशी इतरांचे). बचत गटाच्या कर्जाचेही तेच. गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता अनेक ठिकाणी आठवड्याला असतो, त्यामुळे पाच आठवड्यांच्या महिन्यात एक हप्ता जास्त जातो आणि ‘या महिन्यात एवढं का कमी पडलं’ म्हणून पाने उलटली जातात. अशा छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी होणारी जबरदस्ती रोखण्याकरिता कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला. एका घरावर तीन-चार ठिकाणचे हप्ते असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र पान देऊन मुद्दल आणि व्याज वेगळे लिहिण्याला पर्याय नाही. एरवी मुद्दल किती फिटले हे वसुलीला येणाऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागते.

दोन राज्यांच्या योजना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याचा चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. सोयरिकी या रेषेला जुमानत नाहीत, म्हणून सख्ख्या बहिणींच्या वह्यांत दोन सरकारांचे पैसे दिसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीला महिन्याला २,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून १,५०० रुपये आहेत. ‘तुमच्यात दोन हजार, आमच्यात दीडच की ओ’ हे माहेरी जमलेल्या बहिणींचे बोलणे वरवर खरे असले तरी अर्धेच. गृहलक्ष्मीचे पैसे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव तिच्याच खात्यात जातात, आणि एकत्र घरात ती बहुधा सासू असते. पलीकडे पात्र सुनेच्या स्वतःच्या खात्यावर पैसे येतात. रकमेपेक्षा हा फरक घरखर्चात अधिक जाणवतो. शिवाय गृहलक्ष्मीचा हप्ता ठरल्या तारखेला येईलच असे नाही. कधी दोन हप्ते एकदम येतात. ज्या महिन्यात आला त्याच महिन्यात लिहावा आणि कोणत्या महिन्याचा ते पुढे नोंदवावे, हा साधा उपाय आहे.

बाकीच्या योजना वहीत जमेला दिसत नाहीत. त्या खर्चाचे रकाने रिकामे करतात. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातील स्त्रियांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. महाराष्ट्र एसटीत त्याच वर्षी मार्चपासून बायकांना निम्मे तिकीट आहे. गृहज्योतीत २०२२-२३ मधील सरासरी वापर आणि वर थोडी वाढीव (सुरुवातीला १० टक्के) एवढी वीज मोफत मिळते, कमाल २०० युनिट. आपल्या वाट्याच्या वर गेले तर जादा युनिटांचे पैसे भरायचे आणि २०० च्या वर गेले तर सगळेच. हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल कन्नडमध्ये असते, त्यामुळे घरातल्या शाळकरी मुलाकडून ते वाचून घेऊन आजी शून्यावर बोट ठेवून खात्री करून घेते. रेशनवर मोफत तांदूळ देणाऱ्या अन्नभाग्य योजनेतील जादा पाच किलो तांदळाऐवजी जुलै २०२३ पासून माणशी १७० रुपये खात्यात येत असत. फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळ सुरू झाला. ताटात पडणारा तांदूळ साधारण तेवढाच, पण वहीतल्या जमेतून पाच माणसांच्या घराचे ८५० रुपये गेले.

वर्षाचे खर्च

किराणा, तेल, भाजी, गॅस, शिकवणी, मोबाइलचे रिचार्ज हे महिन्याचे खर्च कोणीही लिहितो. घर हलते ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाने. उन्हाळ्यात बेडगी आणि संकेश्वरी मिरची आणून वर्षाचे तिखट करणे, जूनमध्ये शाळेची फी आणि व्हॅनचा ॲडव्हान्स, मग पेरणी-रोप, गणपती, दिवाळी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कुटुंबखर्च सर्वेक्षणातही हीच अडचण ओळखून भाजी, फळे, तेल, मांस यांचा खर्च ७ दिवसांचा विचारतात, कपडे, शिक्षण, रुग्णालय, टिकाऊ वस्तू यांचा ३६५ दिवसांचा आणि उरलेल्यांचा ३० दिवसांचा. २०२३-२४ च्या या सर्वेक्षणात भारताच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आढळला. त्यांतला अन्नाचा वाटा अनुक्रमे सुमारे ४७ आणि ४० टक्के होता. उत्पन्न वाढते तसा अन्नाचा वाटा घटतो, हे निरीक्षण जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडले होते.

वर्षाच्या हिशेबातही न बसणारा खर्च म्हणजे गावची महालक्ष्मी यात्रा. बेळगाव-खानापूर भागात ती अनेक वर्षांच्या अंतराने भरते. कुठे पाच-सात वर्षांनी, कुठे याहून कितीतरी उशिरा. यात्रा ठरली की घराला रंग, माहेरवाशिणींना साड्या-बांगड्या, पै-पाहुण्यांना जेवणे, मटण, देवस्थानची पट्टी. शहरातले मित्रही त्या दिवशी पाहुणेच. हा खर्च एका महिन्याच्या पानावर लिहिण्यात काही अर्थ नसतो, म्हणून ‘यात्रा’ अशी वेगळी वही घालतात आणि बरीच घरे त्यासाठी आधीपासून भिशी धरतात.

आहेराची वही आणखी वेगळी. लग्नात कोणी किती दिले हे नावनिशीवार लिहिलेली ही वही वीस-पंचवीस वर्षे जपतात, कारण परतीचा आहेर तीत पाहूनच ठरतो. नावापुढे ५१ रुपये लिहिलेले असले तरी आज ५१ देऊन चालत नाही. महागाई किती धरायची हे गणित घरातली वडीलधारी बाई तोंडी करते, आणि ते सहसा चुकत नाही.

वहीचे रूप

जुन्या वह्या मोडीत आणि रुपये-आणे-पैत असत. १६ आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ रोजी १०० नव्या पैशांचा झाला. राज्य बदलल्याला तेव्हा पुरते अर्धे वर्षही झाले नव्हते. त्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला. गावांत पायली मात्र बरीच वर्षे टिकली. आज दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, उधारी दुकानदाराच्या छोट्या वहीत आणि फोनवरून दिलेले पैसे फोनमध्येच, असा हिशेब विखुरलेला असतो. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने प्रत्येक दहा रुपयांची नोंद आपोआप होऊ लागली. तिच्यात दुकानाचे नाव कळते, पण काय घेतले ते कळत नाही, त्यामुळे कोथिंबीर आणि गुटखा एकाच रंगात दिसतात.

रोखीच्या वहीत हे काम ‘किरकोळ’ या रकान्याने कायम केले आहे. चहापाणी, पान-तंबाखू, कधी त्याहून वाईट सवयी याच शब्दाखाली मावतात. हा रकाना भाजीच्या रकान्यापेक्षा मोठा झाला की ती वही दाखवण्यापुरती उरली असे समजावे. उलट दिशेची लपवाछपवीही आहे. बाजारच्या पैशांतून वाचवून डाळीच्या डब्यात ठेवलेली बायकांची रक्कम वहीत भाजी म्हणूनच खर्ची पडलेली असते. दवाखाना किंवा फी अडली की ती बाहेर निघते आणि जमेच्या बाजूला ‘हातउसने’ म्हणून लिहिली जाते, देणाऱ्याचे नाव न घालता.