इनॅमलची पाटी की छापील पत्रा?

चहा-सोड्याच्या जुन्या जाहिरातीच्या पाट्या गोळा करायला लागलं की सुरुवातीला एक घोळ हमखास होतो, माझाही झालाय. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर ब्रुक बाँडची पाटी दिसते, दुकानदार म्हणतो 'साहेब, ओरिजिनल जुना पत्रा आहे', आपण बोटाने टकटक करून बघतो, लोखंड वाजतं, झालं, हात खिशात. पण पत्र्या-पत्र्यात फरक असतो ना. एक इनॅमलची पाटी, दुसरी छापील म्हणजे लिथोची (लिथो म्हणजे मुळात दगडावर चित्र काढून त्यावरून छापायची पद्धत).

इनॅमल हा रंग नाहीच मुळी, ती काच आहे. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड चढवून साधारण ८०० अंशांच्या भट्टीत वितळवतात. आधी काळपट निळं अस्तर, त्यावर पांढरा थर, मग एकेका रंगाचं स्टेन्सिल लावत परत परत भाजणी. त्यामुळे जुन्या पाटीवर अक्षराच्या कडेवरून नख फिरवलं की बारीक पायरी लागते, डोळे मिटूनसुद्धा कळतं. उन्हापावसात वर्षानुवर्षं राहिली तरी रंग विटत नाही, म्हणून तर १९३० च्या दशकात रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करायचा हे देशी भाषांत सांगणाऱ्या पाट्या इनॅमलच्या लावल्या होत्या (हो, आपल्या लोकांना चहा प्यायला शिकवावं लागत होतं, आता सांगून कोणाला पटेल!). इंग्लंडहून आलेल्या पाटीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव सापडू शकतं, ते आधी शोधा. या पाटीचा शत्रू एकच, मार. दगड बसला किंवा स्क्रू जास्त आवळला की टवका उडतो, आणि मग तिथून गंज धरतो.

लिथोचं सगळंच वेगळं. पत्र्यावर कथलाचा पातळ मुलामा, तेच कथिल जे कल्हईवाला वापरायचा, आणि त्यावर शाईची छपाई, वर वार्निश. दगडावरून थेट कडक पत्र्यावर छाप नीट उठत नाही म्हणून रॉबर्ट बार्कलेने १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये मधे एक रोलर घालून छापायचं पेटंट घेतलं, म्हणजे ऑफसेट (हीच मधल्या रोलरवरून होणारी छपाई) आधी पत्र्यावर आलं, कागदावर नंतर, मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली. छापलेला पत्रा प्रेसमध्ये दाबून काठ वळवता येतो, इनॅमल तसं दाबलं तर तडकेल, म्हणून सरबत-सोड्याचे जाहिरातीचे ट्रे जवळपास सगळे लिथोचेच. अमेरिकेत ओहायोमधलं कोशॉक्टन गाव या ट्रेंसाठी प्रसिद्ध. कोका-कोलाचे बायकांच्या चित्रांचे ट्रे १८९७ च्या सुमारापासून निघाले, पण कोक भारतात आलं स्वातंत्र्यानंतर, तेव्हा कोणी 'आजोबांच्या दुकानातला १९१४ चा ट्रे' विकत असेल तर आजोबांबद्दल जरा जास्त चौकशी करा.

नकली माल दोन्हींत आहे, पण पकडायची जागा वेगळी. इनॅमलमध्ये खिळ्याची भोकं बघा, ती भाजणीच्या आधी पाडलेली असतात, म्हणजे काच भोकाच्या काठापर्यंत वळलेली दिसते. गंज टवक्यातून आणि भोकातून पसरलेला हवा, सगळीकडे सारखा गंज म्हणजे मिठाच्या पाण्याची करामत. ट्रेवर मात्र भिंग धरायचं. १९१० च्या आसपासच्या छपाईत ठिपके हाताने मारल्यासारखे विस्कळीत असतात, नवीन कॉपीत ते शिस्तीत, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले दिसतात.

धुण्याचं तर विचारूच नका. इनॅमलला साधा साबण, पाणी, मऊ फडकं चालतं, फक्त टवके लगेच कोरडे करायचे. ट्रेला ते नको, कारण वार्निश गेलं की शाई गेली. माझ्या आईने एकदा प्रेमाने, मी ऑफिसला गेलेलो असताना, 'किती मळलाय रे' म्हणून भांडी घासायच्या पावडरने ट्रे लख्ख केला. तो आता हॉलमध्ये लावलाय, बाईंची हॅट शाबूत आहे, हातातला ग्लास आहे, फक्त नाक नाही.