तिंदाचे रूळ आणि खालची गोठलेली माती

२४ जुलै २०२५ रोजी रशियाच्या अतिपूर्वेला एक जुनं आन्तोनोव्ह-२४ विमान डोंगरउतारावर कोसळलं आणि त्यातले सगळे, ४८ जण, मृत्युमुखी पडले. ते तिंदा नावाच्या शहराकडे निघालं होतं. बातम्यांमध्ये तिंदाची ओळख ‘दुर्गम भागातलं एक शहर’ एवढीच होती. पण गोठलेल्या जमिनीचं विज्ञान समजून घ्यायचं असेल, तर तिंदासारखी जागा शोधून सापडायची नाही. इथली माती रेल्वेमार्ग वर उचलते, खाली खचवते, वाकवते आणि हे सगळं गोठताना आणि वितळताना करते.

आधी जागा पाहू. तिंदा ५५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे साधारण मॉस्कोच्याच रेषेत. पण मॉस्कोत जानेवारीचं सरासरी तापमान उणे ६-७ अंश असतं, तर तिंदात ते उणे ३० च्या आसपास जातं. अटलांटिकवरून येणारी उबदार हवा इथवर पोचतच नाही. हिवाळाभर सैबेरियावर जड, थंड हवेचा उच्चदाब ठाण मांडून बसतो, आकाश निरभ्र राहतं आणि जमिनीतली उष्णता रात्रंदिवस अवकाशात निघून जाते. त्यातच बर्फवृष्टी बेताची. जाड हिमाचा थर जमिनीवर असता तर त्याने खालची ऊब धरून ठेवली असती. पातळ थराखाली थंडी खोल उतरते. उत्तरेला स्तानोवोय पर्वतरांग, मधल्या खोऱ्यात गिल्यूय नदी, जी पुढे झेया नदीला आणि झेयामार्गे अमूरला मिळते.

एका छोट्या वस्तीचं शहर झालं ते रेल्वेमुळे, आणि तेही दुसऱ्या प्रयत्नात. १९३० च्या दशकात बायकाल-अमूर मार्गाचं, संक्षेपाने ‘बाम’चं, काम स्तालिनच्या राजवटीने कैद्यांकडून सुरू करून घेतलं. १९३२ मध्ये त्यासाठी ‘बामलाग’ नावाची छावण्यांची यंत्रणाच उभी राहिली. ट्रान्स-सैबेरियन मार्गावरच्या बाम स्टेशनपासून तिंदापर्यंतचा सुमारे १८० किलोमीटरचा फाटा त्या माणसांनी बांधला. मग युद्ध आलं. १९४२ मध्ये हे रूळ उखडून व्होल्गाकाठी नेले गेले आणि स्तालिनग्राडच्या आघाडीला रसद पोचवणाऱ्या मार्गासाठी वापरले गेले. ज्यांनी ते टाकताना जीव गमावला त्यांच्या श्रमाची एवढी क्रूर परवड क्वचितच कुठे झाली असेल.

१९६९ मध्ये उस्सुरी नदीवर सोव्हिएत आणि चिनी सैन्यांची चकमक झाली. ट्रान्स-सैबेरियन मार्ग चीनच्या सीमेला फारच लगटून जातो, याची मॉस्कोला नव्याने जाणीव झाली. बाम मात्र सीमेपासून दूर, उत्तरेकडून जाणार होता. १९७२ मध्ये तिंदाच्या फाट्याचं काम पुन्हा हाती घेतलं गेलं, १९७४ मध्ये सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हने बामला तरुणांची मोहीम म्हणून जाहीर केलं आणि १९७५ च्या मे महिन्यात तिंदात गाडी आली. त्याच वर्षी गावाला शहराचा दर्जा मिळाला. मॉस्कोच्या बांधकाम पथकांनी इथे बहुमजली इमारती उभ्या केल्या. तिंदा ‘बामची राजधानी’ झालं. १९८९ च्या जनगणनेत लोकसंख्या साठ हजारांच्या पुढे होती, २०२१ मध्ये ती तीस हजारांच्याही खाली आली. मार्ग बांधून संपला, सोव्हिएत संघ संपला, माणसं निघून गेली.

माती मात्र आपलं काम करतच होती.

सलग दोन किंवा जास्त वर्षं ज्या जमिनीचं तापमान शून्य अंशाच्या वर जात नाही, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. रशियाचा साठ टक्क्यांहून अधिक भूभाग त्यात मोडतो. वरचा काही फुटांचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात गोठतो. त्याखालचा थर गोठलेलाच राहतो. तिंदाच्या परिसरात पर्माफ्रॉस्ट सलग नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, उन्हं खाणाऱ्या उतारांवर तो अनेकदा नसतोच. उत्तर उतारांवर आणि दऱ्यांच्या तळाशी असतो. रेल्वेला चढ नको असतो, म्हणून ती दरीच्या तळानेच जाते. म्हणजे नेमकी सर्वात बर्फाळ जमीन तिच्या वाट्याला येते.

यात अडचण काय, गोठलेली माती तर दगडासारखी टणक असते, असं कोणालाही वाटेल. शाळेत शिकलेलं आणखी एक उत्तर तयार असतं: पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, म्हणून जमीन वर उचलली जाते. हे उत्तर खरं असूनही अपुरं आहे, हे साध्या हिशेबाने कळतं. एक मीटर जाडीच्या मातीत ४० टक्के जागा पाण्याने भरलेली आहे असं धरा. ते सगळं पाणी गोठलं, तरी जमीन ३.६ सेंटिमीटरच वर येईल. प्रत्यक्षात गाळमातीची (वाळूहून बारीक, पण चिकणमातीहून मोठ्या कणांची) जमीन एका हिवाळ्यात दहा-पंधरा सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त वर येते. जास्तीची उंची येते कुठून?

अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३० मध्ये याचा निकाल लावला, आणि त्यांचा प्रयोग मला विज्ञानातल्या सर्वात देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझिन घातलं. बेंझिन साडेपाच अंशांना गोठतं आणि गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे मुख्य कारण फुगणं हे नव्हेच. गोठणारी माती खालून नवा द्रव ओढून घेते.

कशी, ते आता जरा सावकाश पाहू. मातीचा कण आणि बर्फ एकमेकांना थेट चिकटत नाहीत. दोघांच्या मध्ये द्रव पाण्याचा एक पापुद्रा राहतो, काही नॅनोमीटर जाडीचा, आणि तो शून्याच्या खालीही गोठत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर असा द्रव थर असावा, अशी कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच मांडली होती. कणाच्या पृष्ठभागाचे रेणवीय बल बर्फाला दूर ठेवतं आणि मधल्या पाण्याला धरून ठेवतं. तापमान जितकं कमी, तितका पापुद्रा पातळ. आता या पापुद्र्यातलं थोडं पाणी बर्फाला जाऊन मिळालं की पापुद्रा त्या तापमानाला हवा त्यापेक्षा पातळ होतो. ती तूट भरून काढायला तो आजूबाजूचं पाणी खेचतो. खालची माती उबदार आहे, तिथे पाणी मोकळं आहे. निरांजनाची वात जळणाऱ्या टोकाकडे तेल ओढत राहते, तशी ही माती गोठणाऱ्या टोकाकडे पाणी ओढत राहते.

ओढलेलं पाणी आडव्या थरात गोठतं, कारण उष्णता वरच्या दिशेने निघून जात असते आणि बर्फ तिच्या वाटेला काटकोनात वाढतो. या थरांना बर्फाची भिंगं म्हणतात. भिंग जाड होताना डोक्यावरची सगळी माती उचलतं. खालून पुरवठा अपुरा पडला की गोठण्याची सीमा आणखी खाली सरकते आणि तिथे दुसरं भिंग सुरू होतं. अशी जमीन कापून पाहिली तर माती आणि शुद्ध बर्फ यांचे एकाआड एक पट्टे दिसतात.

यामागचा दाब किती? उष्मागतिकीचं गणित सांगतं की तापमान शून्याखाली जाईल तसा दर अंशाला जास्तीत जास्त सुमारे ११ वातावरणं (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ११ पट) इतका दाब निर्माण होऊ शकतो: बर्फाची घनता गुणिले त्याची सुप्त उष्णता, भागिले २७३ केल्व्हिन. एवढा दाब पन्नास मीटरहून उंच मातीचा स्तंभ तोलू शकतो. दोन-तीन मीटरचा भराव आणि त्यावरची मालगाडी त्यापुढे किरकोळ आहे. अर्थात ही सैद्धांतिक कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात पाणी किती वेगाने पोचतं यावर सगळं ठरतं. वाळूत छिद्रं मोठी, त्यामुळे ओढ क्षीण. चिकणमातीत ओढ जबर, पण वाटा इतक्या अरुंद की पाणी रखडतं. गाळमातीत दोन्ही गोष्टी जुळून येतात, आणि नद्यांच्या खोऱ्यांत गाळमातीच तर असते.

आता हे उलटं चालवून पाहा. शेकडो वर्षांत अशा भिंगांनी मातीत इतका बर्फ साठलेला असतो, की तो वितळला तर ते पाणी मातीच्या छिद्रांत मावणारच नाही. माती चिखल होते आणि खचते. बर्फ आहे तोवर जमीन टणक, बर्फ गेला की तिच्यात ताकद उरत नाही.

मग हा बर्फ आजवर टिकला कसा? मोठा वाटा शेवाळाचा आहे. उन्हाळ्यात शेवाळ वरून सुकतं, त्यात हवा असते, उष्णता खाली जाऊ शकत नाही. शरद ऋतूत ते ओलं होतं आणि मग गोठतं. बर्फाची उष्णतावाहकता द्रव पाण्याच्या जवळजवळ चौपट असते, त्यामुळे हिवाळ्यात जमिनीतली ऊब त्यातून झपाट्याने बाहेर पडते. ऊब बाहेर जाते, आत येत नाही: शेवाळाचा गालिचा ही एकमार्गी झडप आहे.

रेल्वेचं काम सुरू झालं की हीच झडप आधी मोडते. यंत्रांच्या चाकांखाली शेवाळ चिरडलं जातं, झाडं कापली जातात. भरावाच्या पायथ्याशी वाऱ्याने हिम साठतं आणि तिथली जमीन हिवाळ्यात पुरेशी थंड होत नाही. पाण्याचा निचरा अडून डबकी होतात आणि ती उन्हाळ्याची उष्णता खाली पोचवतात. भरावाची दक्षिणेची बाजू उन्हात, उत्तरेची सावलीत. म्हणून एक बाजू जास्त खचते आणि रूळ कलंडतात. मग वर नवी खडी टाकायची, गाड्यांचा वेग कमी करायचा, पुढच्या वर्षी पुन्हा खडी. टाकलेली खडी खाली खाली जाऊन भरावात खळगे करते, खळग्यांत पाणी साठतं आणि भिंगांना आयता पुरवठा होतो.

हवामानबदलामुळे सैबेरियाचे रूळ वाकतात, असं सरसकट सांगितलं जातं तेव्हा हा भाग निसटतो. तापमानवाढ खरी आहे आणि तिंदासारख्या ठिकाणी, जिथे गोठलेल्या मातीचं तापमान आधीच शून्याच्या जवळ आहे, ती फार घातक आहे. पण खचणं बांधकामापासूनच सुरू झालं, कारण आपण शेवाळ काढलं. पर्माफ्रॉस्टमधून ‘झॉम्बी विषाणू’ बाहेर पडणार, या अधूनमधून उठणाऱ्या आवईबद्दलही एक शब्द: २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी तीस हजार वर्षं जुन्या सैबेरियन मातीतून जिवंत केलेला पिथोव्हायरस हा अमीबाला संसर्ग करणारा विषाणू आहे, माणसाला नव्हे. धोक्याचा अभ्यास जरूर व्हावा, पण घरं आणि रूळ खचण्याची रोजची, मोजता येणारी हानी त्या भीतीखाली झाकली जाऊ नये.

या जमिनीचा अभ्यास जुना आहे. याकुत्स्कमध्ये फ्योदोर शेर्गिन नावाच्या अधिकाऱ्याने पाण्यासाठी १८२८ ते १८३७ अशी विहीर खणली, ती ११६ मीटरवर गेली तरी माती गोठलेलीच लागली. तिंदाच्या दक्षिणेला ट्रान्स-सैबेरियन मार्गावर स्कोवोरोदिनो आहे. तिथे १९२७ मध्ये पर्माफ्रॉस्टचं संशोधन केंद्र सुरू झालं. अभियंत्यांनी पुढे शोधलेले सगळ्यात चांगले उपाय शेवाळाचीच युक्ती वापरतात. मोठ्या दगडांचा पोकळ भराव घातला, तर हिवाळ्यात जड थंड हवा त्याच्या फटींत उतरते आणि उबदार हवा वर जाते. उन्हाळ्यात थंड हवा तळाशीच बसून राहते. जमिनीत रोवलेल्या बंद नळीत अमोनिया भरला, तर तो हिवाळ्यात खाली उकळतो आणि वर थंडीने पुन्हा द्रव होऊन खाली येतो, प्रत्येक फेरीत मातीची उष्णता बाहेर टाकतो. उन्हाळ्यात नळी आपोआप बंद पडते. २००६ मध्ये सुरू झालेल्या चीनच्या तिबेट रेल्वेमार्गावर दोन्ही उपाय मोठ्या प्रमाणावर वापरले आहेत. बामवर १९७० च्या दशकात वेळेची घाई होती आणि बहुतेक ठिकाणी साधे भराव घातले गेले.

आता तिथे दुसरा मार्ग टाकला जातो आहे. तिंदाच्या पूर्वेला उलाक ते फेव्हराल्स्क या टप्प्यावर २०२१ पासून सैन्याची रेल्वे पथकंही उतरली, कारण कोळसा आणि माल पूर्वेच्या बंदरांकडे न्यायला एक मार्ग पुरत नाही. जुन्या भरावाला लागून नवा भराव आला की हिम साठण्याची जागा बदलते, पाण्याची वाट बदलते, सावली बदलते. पन्नास वर्षांत जुन्या भरावाखालच्या मातीने जो काही तोल गाठला असेल, तो तिला नव्याने गाठावा लागेल, आणि त्यासाठी लागणारा काळ दशकांत मोजला जातो.